गनीचाचांच्या दोन भाषा

चादरी मोजायच्या त्या आफ्रिकान्समध्ये आणि माणसाची विचारपूस करायची ती झुलूंच्या रीतीने, असा गनीचाचांचा शिरस्ता होता. शिव्यासुद्धा आफ्रिकान्समध्येच. बहरीनमध्ये, मनामातल्या आमच्या हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्री होती. तिथला बॉयलर जुना आणि हट्टी. तो बंद पडला की गनीचाचा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि घसा खाकरल्यासारख्या आवाजात असं काही बोलायचे की इस्त्रीवाली केरळी पोरं हसून लोळायची. अर्थ कुणालाच कळत नसे. बॉयलरला कळत असावा, कारण तो बहुतेक वेळा चालू व्हायचा.

मी त्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होते. वसईहून चौऱ्याहत्तर साली आले तेव्हा वय कमी होतं आणि डोकं गरम. पहिल्या दिवशी मला युनिफॉर्म मिळालेला नव्हता आणि गोरा मॅनेजर दर थोड्या वेळाने काचेतून डोकावून डोळे वटारत होता. एवढ्यात हे गृहस्थ हँगरला लावलेला युनिफॉर्म घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. पन्नाशीचे, उंच, जरा पोक काढलेले, डोक्यावर पांढरे कुरळे केस, अंगाला निळीचा आणि वाफेचा वास. "आत या" म्हटल्याशिवाय आत येईनात. आल्यावर नाव विचारलं, गाव विचारलं.

"वसई? मंग तू आपलीच की गो बाय! आमी दापोलीकडचे. परकार. तू बरी हायस?"

"बरी आहे."

"आई बरी हाय? बापूस? भाव कितीक? शेजारपाजारचे बरे हायत? तिकडं पाऊस झाला काय?"

"चाचा, सगळे बरे आहेत, पण आधी तो युनिफॉर्म द्या," मी म्हटलं. "मॅनेजर मला खाईल."

त्यांचा चेहरा पडला. हँगर खुंटीला लावला, "बराबर हाय, कामाचा टाइम" असं काहीतरी पुटपुटले आणि गेले. मला वाटलं, म्हातारा बोलघेवडा आहे, चार हात लांब ठेवावा.

बोलघेवडे ते मुळीच नव्हते. विचारपूस संपली की बोलायला त्यांच्याकडे फारसं काही नसायचं. पण विचारपूस मात्र संपूर्ण व्हायला हवी. लॉन्ड्रीत सकाळी शिरले की एकेका पोरासमोर उभं राहून हे सगळं चालायचं. पोरं वैतागायची, "चाचा, खलास! कालच तर विचारलंत!" म्हणायची. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "काल कालचा विचारला."

ही रीत त्यांना त्यांच्या बायकोच्या माणसांनी लावली होती. बायको झुलू. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. झुलू माणूस भेटला की म्हणतो, साउबोना. म्हणजे आम्ही तुला पाहिलं. एकटा असला तरी आम्ही, कारण त्याच्यामागे त्याचं सगळं घर उभं असतं. मग निंजानी, कसे आहात. मग उत्तर, सिखोना. आम्ही आहोत. हे सगळं झाल्यावाचून कामाचं बोलणं काढलं तर माणूस आडदांड ठरतो.

"आणि कामाचं बोलणं म्हणजे आगीची बातमी असली तर?" मी खवचटपणे विचारलं.

"तरी. डर्बनला आमच्या गल्लीत एक मानूस आला, बसला, सगल्यांची खुशाली विचारलान, आमी त्याची विचारली. सिखोना, म्हणाला. मंग सांगतो काय, माझा घर जळला."

मी खूप हसले. तेही हसले. त्या वेळी ती हसण्याचीच गोष्ट होती.

आफ्रिकान्सचं वेगळं होतं. ती त्यांच्या आईची भाषा. वडील दापोलीहून आगबोटीने केपटाऊनला गेलेले, आई तिथली, मलायी वंशाची मुसलमान. तिच्या स्वयंपाकघरात आफ्रिकान्सच चाले. तिथल्या मदरशात मुलांना धर्मदेखील आफ्रिकान्समधून शिकवत आणि ती लिहीत अरबी अक्षरांत. मला हे पटेना. गोऱ्यांची भाषा, अरबी लिपीत? "गोऱ्यांची कशी?" गनीचाचा चिडायचे. "ती आमच्या चुलीची भाषा. गोऱ्यांनी मागनं तिला कोट-पाटलोन घातलान आन् कचेरीत बसवलान." दोन्ही भाषांची तुलना करायला लागले की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. आफ्रिकान्स कशी, तर कडक इस्त्रीची. सरळ जाते, चटका देते, काम करते. झुलूला घाई नाही, ती चुण्या पडू देते. एकीत 'ग'चा 'ख' होतो, तोही घशातून ओरबाडून काढलेला. दुसरीत आपण हळहळताना जिभेने 'च्च' करतो ना, तो चक्क एक अक्षर असतो, शब्दाच्या मधेच येतो. ते असे शब्द बोलून दाखवायचे आणि मला वाटायचं, यांना मधेच कुणाची एवढी दया येतेय.

आईची आठवण म्हणून ते पावाचे जाड तुकडे बॉयलरवरच्या पत्र्यावर ठेवून रात्रभर कडकडीत वाळवायचे आणि सकाळी कॉफीत बुडवून खायचे. मलाही आणून द्यायचे. दात पडायची वेळ यायची, पण सवयीने ते आवडायला लागले.

पंचाहत्तर साली हॉटेलात हेनी नावाचा इंजिनियर राहायला आला. तेलाच्या कामावरचा, दिसायला अगदी पोरसवदा, लालबुंद, पासपोर्ट ब्रिटिश. दक्षिण आफ्रिकेच्या माणसाला तेव्हा बहरीनमध्ये कोण उतरू देणार? पण त्याच्या शर्टाच्या खिशात एकदा पेन फुटलं, शर्ट लॉन्ड्रीत गेला आणि परत आला तो गनीचाचांच्या चिठ्ठीसकट. सवयीने त्यांनी ती लिहिली होती आईच्या भाषेत, अरबी अक्षरांत. हेनीला वाटलं अरबी आहे, म्हणून लॉबीत उभ्या असलेल्या आमच्या ड्रायव्हरला, जाफरला वाचायला दिली. जाफर बुदैयाकडच्या खेड्यातला. त्याने अक्षरं लावून मोठ्याने वाचलं. त्याला एक शब्द कळेना. आणि हेनी ऐकता ऐकता पांढराफटक पडला. त्याच्या आजीच्या घरातली भाषा एक पायघोळ कंदुरा घातलेला अरब वाचून दाखवत होता: डाग निघाला नाही, माफ करा, लिंबू लावून पुन्हा बघतो.

त्या दिवसापासून हेनी संध्याकाळी तळघरात जायला लागला. मळक्या चादरींची टोपली उलटी करून तिच्यावर बसायचा आणि दोघं तासन्‌तास बोलायचे. पहिला प्रश्न रोज एकच, खान दित खूत? बरं चाललंय ना? इंग्रजी येणाऱ्याला एवढं आफ्रिकान्स कळतं. मला ते बघून संताप यायचा.

"चाचा, हा तुम्हाला तुमच्या देशात पुढच्या दाराने आत घेईल?"

"नाय घेवाचा."

"मग?"

"मंग काय? हितं पुढचा दार हायच कुठं." मग जरा वेळाने, जरा लाजल्यासारखं, "काल मना 'ऊम' म्हणाला. ऊम म्हंजे काका. तिथं असता तर 'बॉय' म्हणाला असता." त्यांना त्याचं कौतुकही वाटत होतं आणि कौतुक वाटल्याची शरमही. दोन्ही चेहऱ्यावर एकदम दिसायचं.

ते परत का जात नाहीत, हे हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांना मरायला दापोली हवी होती. गनीचाचा त्यांना घेऊन आले, बरोबर परतीचा परवाना. त्याची मुदत होती. वडील आज जातात उद्या जातात असं करत अंथरुणावर पडून राहिले आणि यांनी काही त्यांना सोडलं नाही. वडिलांचं दफन करून, चाळीसावा उरकून मुंबईच्या कचेरीत गेले तेव्हा मुदत उलटून गेली होती. दार बंद. मग भारताचा पासपोर्ट काढला, तर त्यावर छापलेलंच असायचं, दक्षिण आफ्रिका सोडून कुठेही जा, म्हणून इथे कामाला आले. बायको ग्रेस डर्बनला, गोऱ्यांच्या घरी चोवीस तासांची मोलकरीण, तिला मूल जवळ ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून मुलगी आजीकडे, जोहान्सबर्गबाहेरच्या काळ्यांच्या वस्तीत. मुलीचं नाव थेंबी. गनीचाचा निघाले तेव्हा ती नुकती चालायला लागली होती.

थेंबी त्यांना माहीत होती ती आवाजाने. वर्षातून एकदा, नाताळात, वस्तीतल्या चर्चच्या फोनवर. तो कॉल माझ्या बोर्डावरून जायचा. बहरीनहून लंडन, लंडनहून जोहान्सबर्ग, तिथून चर्च. जोहान्सबर्गची ऑपरेटर बाई माझ्याशी इंग्रजीत तुसडेपणाने बोलायची, म्हणून मी गनीचाचांना आधीच लाईनवर घ्यायचे. ते आफ्रिकान्समध्ये "दुपारच्या शुभेच्छा, बाईसाहेब" म्हणाले की तिचा आवाज लोण्यासारखा व्हायचा आणि लाईन चटकन मिळायची. चर्चचा फोन उचलला गेला की चाचा झुलूत शिरायचे. तिथे त्यांचा आवाजच वेगळा होता. जाड, हळू, जवळ बसून बोलल्यासारखा.

त्या पंचाहत्तरच्या नाताळात थेंबी फोनवर रडली. शाळेत गणित आता आफ्रिकान्समधून शिकवणार, सरकारचा हुकूम. मास्तरांनाच ती भाषा धड येत नाही, सगळ्या वर्गाला कापरं भरलंय. मला हे चाचांनीच फोन ठेवल्यावर सांगितलं. ते मात्र खुशीत होते.

"मी सांगितला तिला, घाबरू नुको. ती तुझ्या दादीची भाषा हाय. गोड हाय. मी शिकवतंय तुना."

आणि खरोखरच शिकवायला बसले. हॉटेलच्या बँडमधल्या गोवेकराकडून टेपरेकॉर्डर मागून आणला. लॉन्ड्रीत यंत्रं थांबली की जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलाशी बसून कॅसेटमध्ये बोलायचे. आधी झुलूत विचारपूस. तू बरी आहेस? आजी बरी आहे? मैत्रिणी बऱ्या आहेत? उत्तरासाठी जागा सोडायचे, टेप नुसती फिरत राहायची. मग आफ्रिकान्समध्ये पाढे, कोन, त्रिज्या, अपूर्णांक. मी म्हटलं, "चाचा, ती रिकामी जागा कशाला? टेप वाया जाते." म्हणाले, "ती बोलंल ना तेव्हा." इतक्या वर्षांत मुलीला काही शिकवण्याची त्यांना ही पहिलीच संधी मिळाली होती. माणूस नुसता फुलून गेला होता. मेमध्ये हेनी लांबलचक रजेवर घरी निघाला, त्याने कॅसेट नेली आणि तिथून पोस्टात टाकली.

जूनमध्ये बहरीनची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. अशाच एका सकाळी मेसमध्ये रेडिओवर बातमी लागली आणि दोन दिवसांनी इंग्रजी पेपर आला. मी तो घेऊन तळघरात गेले. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, पण चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवलं. जोहान्सबर्गजवळच्या वस्तीत शाळेतल्या मुलांनी मोर्चा काढला. आफ्रिकान्समधून शिकणार नाही, म्हणून. पोलिसांनी गोळ्या घातल्या. मुलं मेली, किती ते नक्की नाही.

चाचांच्या हातात घडी घालायला घेतलेली चादर होती.

"कुठली भाषा म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी चादरीची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि म्हणाले, "लाईन लाव बाय."

लाईन लागत नव्हती. सगळं जग त्या गावाला फोन करत होतं. शुक्रवारी दुपारी, हॉटेल पेंगत असताना, शेवटी जोहान्सबर्गची बाई मिळाली. चाचा त्याच घोटीव आफ्रिकान्समध्ये बोलले. तिने विचारलं, एवढी सुरेख भाषा बोलणारे ऊम आहेत तरी कुठले? त्यांनी काय सांगितलं मला कळलं नाही. तिने चर्च जोडून दिलं. थोडा वेळ खरखर, मग गोगो. गोगो म्हणजे आजी, थेंबीची आजी, चाचांची सासू. म्हातारी फोनजवळच बसून असावी.

"लाईनवर ऱ्हा गो," चाचा मला म्हणाले होते, म्हणून मी ऐकत होते. साउबोना. येबो, म्हणजे हो, साउबोना. निंजानी? सिखोना. मला एवढं आता समजत होतं. म्हातारी सावकाश, एकेक शब्द मांडत होती. तू कसा आहेस? तुझ्याबरोबरचे लोक कसे आहेत? तुझी भावंडं? तिकडे ऊन फार आहे का? आणि गनीचाचा उत्तरं देत होते. एकेका प्रश्नाला, पुरतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कसे आहात? सिखोना. पुन्हा खोल श्वास. मी त्यांच्या बूथच्या काचेवर हात आपटून त्यांना खुणा करत होते, विचारा, अहो विचारा ना! त्यांचं कपाळ घामाने निथळत होतं, पण त्यांनी म्हातारीला तोडलं नाही. तिने काहीतरी नवं वाक्य सुरू केलं. आवाज खाली आला. आणि लाईन गेली.

मी लंडनला ओरडले, जोहान्सबर्गला ओरडले. मफी, काही नाही. सगळ्या लाईनी भरलेल्या. हेडफोन फेकला आणि सगळा राग चाचांवर काढला. "पोरगी जिवंत आहे की नाही एवढं विचारायला काय झालं होतं? पाऊसपाणी कसलं विचारता?"

"सासू हाय ती माझी," ते म्हणाले. "मी इचारला असता तर तिनं मना सांगितला असता, उभ्या उभ्या. तशी बातमी उभ्या उभ्या कशी सांगाची तिनं?"

मग खुर्चीत बसले.

"सिखोना म्हणाली. आमी हाव. कोण कोण हाव, ता राह्यला इचाराचा."

पुढचे काही आठवडे हा एकच विचार त्यांच्या डोक्यात फिरत राहिला. म्हातारीचा आवाज खाली का आला? दम लागला असेल. दमा आहे तिला. शेवटच्या वाक्याचा पहिला शब्द त्यांनी ऐकला होता, त्या शब्दाने बरी बातमीही सुरू होऊ शकते आणि वाईटही. जाफरने खजूर आणले, खाल्ले नाहीत. मी लाईन लावतच होते. चर्चचा फोन कधी बंद, कधी कुणी उचलत नाही. मी रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायचे आणि रोज देवाशी भांडायचे.

लाईन लागली तेव्हा फोन पाद्रीबाबांनी उचलला. ते इंग्रजीत बोलले आणि त्यांनी कुठलीही खुशाली विचारली नाही. थेंबी पहिल्याच दिवशी गेली. तिला दफन करून महिना होत आला. मला वाटतं, तसं थेट ऐकायला मिळालं म्हणून मी त्यांची मनातल्या मनात आभारी होते. चाचा "येस फादर" म्हणाले. "थँक यू फादर" म्हणाले. मग गोगो फोनवर आली. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. साउबोना. कसा आहेस? तुझे लोक कसे आहेत? सगळं माहीत झालेलं असताना, मुलगी मातीत गेलेली असताना, गनीचाचा काचेपलीकडे ताठ बसून एकेक उत्तर देत होते. सिखोना, म्हणाले. सिखोना, गोगो.

मग ती बोलायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता. फक्त मधेमधे ते 'च्च' ऐकू यायचे. त्यातली कुठली अक्षरं होती आणि कुठली म्हातारीची हळहळ, ते मला ओळखता येईना. मी हेडफोन काढून ठेवला.

म्हातारीने काय सांगितलं ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. कॅसेट पोचली होती. थेंबी ती शेजाऱ्याच्या यंत्रावर लावायची. बापाचे झुलू उच्चार ऐकून खो खो हसायची, सोडलेल्या जागेत खरोखरच उत्तरं द्यायची. पाढे म्हणायची. आणि त्या सकाळी पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने 'आफ्रिकान्स नको' असं रंगवून, तो पुठ्ठा घेऊन घराबाहेर पडली. दोन्ही खरं होतं. मी म्हटलं, "चाचा, सरकारवर राग होता तिचा. तुमच्यावर नव्हता." ते म्हणाले, "माझा आवाज त्याच भाषेत व्हता गो."

त्यानंतर त्यांनी आफ्रिकान्स सोडली. जाहीर वगैरे काही केलं नाही, नुसती सोडली. चादरी हिंदीत मोजायला लागले, त्यात चुका व्हायच्या, मजले अदलाबदल व्हायचे, हाउसकीपिंगवाले बोंबलायचे. बॉयलर बंद पडला की गप्प उभे राहायचे आणि मेकॅनिकला बोलवायचे. हेनी रजेवरून परतला. आईने केलेले तसलेच कडक पाव डब्यात भरून आणले होते. धावत तळघरात गेला. "खान दित खूत, ऊम?" चाचांनी इंग्रजीत विचारलं, "येस सर? रूम नंबर?"

पोरगा डबा घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आला. मी सांगितलं काय झालं ते. तो म्हणाला, "मी कॅसेट खरंच पोस्टात टाकली होती, त्याच दिवशी." मी म्हटलं, "पोचली." त्याची मला कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच रागही आला. त्यानंतर तो दुसऱ्या हॉटेलात उतरायला लागला.

माझं लग्न झालं, आम्ही रिफाला राहायला गेलो, मी हॉटेल बदललं नाही. नाताळचा फोन चालू राहिला, गोगो होती तोवर. ग्रेस एकदाही फोनवर आली नाही. त्याबद्दल चाचा बोलत नसत. इस्त्रीची पोरं सांगायची, जेवणाच्या सुट्टीत चाचा एकटे बसून त्या 'च्च'वाल्या भाषेत बोलतात. थोडं बोलतात, मग थांबतात, मग पुन्हा बोलतात. मी जाऊन बघितलं नाही. माझी दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत गेली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. मी ओरडले की चाचा म्हणायचे, "बोलू दे. उत्तर देतात ना?"

सौदीला जाणारा पूल बांधून होत आला होता, त्या साली एका सकाळी ते लॉन्ड्रीत कोसळले. मेंदूत रक्त साकळलं होतं. उजवी बाजू गेली. वाचा गेली, असं पहिले दिवस वाटलं. मग परतली. वॉर्डातली मलयाळी सिस्टर मला म्हणाली, "बाबा काहीतरी बडबडतात, अर्थ नसतो त्याला." मी जाऊन ऐकलं. इअन, त्वी, द्री. ते पांघरुणाच्या चुण्या मोजत होते.

डॉक्टरांना मी सांगितलं, ही बडबड नाही, ही त्यांच्या आईची भाषा आहे. ते म्हणाले, होतं असं कधीकधी. सगळ्या भाषा पुसल्या जातात, सर्वांत आधीची राहते. मी मराठीत बोलून पाहिलं. हिंदीत बोलले. जाफर अरबीत बोलला. चाचा आमच्याकडे सौजन्याने बघत राहिले. मग मी हलक्या आवाजात म्हटलं, साउबोना. पापणीही हलली नाही. ज्या भाषेत त्यांची मुलगी होती, ती भाषा त्यांच्यातून गेली होती. जिच्यापायी मुलगी गेली, ती तेवढी उरली होती. नऊ वर्षं ज्या माणसाने तोंडातून जिचा एक शब्द काढला नाही, त्याच्या तोंडात देवाने नेमकी तीच ठेवावी, याचा मला इतका राग आला की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

दापोलीहून पुतण्या येणार होता. तो आला आणि त्यांना घेऊन गेला. तिथे त्यांची भाषा कळणारं कुणी नव्हतं, आणि फार दिवस ते राहिलेही नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नेण्याच्या आदल्या दुपारी. जेवणाचा ट्रे आला होता. सिस्टर घाईत होती, म्हणून कस्टर्ड भरवायला मी बसले. चाचा प्रसन्न होते. गाल भरल्यासारखे वाटत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी वर्षं ठाण मांडून बसलेलं ते सावट कुठे दिसेना. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "गनीचाचा, थेंबी."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. आठवायचा प्रयत्न केला. मग विनयाने विचारलं, "वी इस दित?" कोण ती?

मी चमच्यात कस्टर्ड घेतलं. नाव घेतलं म्हणजे माझ्या जवळचं कुणी असणार, असं त्यांना वाटलं असावं. विचारपूस केल्यावाचून त्यांना राहवलं नाही.

"खान दित खूत मेत हार?" बरं आहे ना तिचं?

"खूत," मी म्हटलं.

ते समाधानाने हसले आणि पुढच्या चमच्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.